ट्रान्स-अलास्का पाइपलाइन: प्रवाह चौथाईवर आला तेव्हा

अलास्काच्या उत्तर टोकाच्या प्रूडो बे या तेलक्षेत्रातल्या पंपिंग स्टेशन क्रमांक १ वर नळीत शिरलेले तेल १९८८ साली साडेचार दिवसांत व्हाल्डीझ बंदरावर उतरत असे. आता त्याला एकोणीस-वीस दिवस लागतात. नळी तीच, डोंगर तेच, अंतरही तेच. वाहतूक चौथाईवर आली म्हणजे नळीही चौथाईच भरलेली असते, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. उतारावरचे एखाद-दोन तुकडे सोडले तर लाइन आजही गच्च भरलेली असते, आणि एका वेळी तिच्या पोटात सुमारे ९० लाख बॅरल तेल असते. कमी झाला आहे तो तेलाचा वेग. खाली ज्या ज्या अडचणी येणार आहेत, त्या सगळ्यांचे मूळ या वेगात आहे.

लाइन आणि तिचे आकडे

ही लाइन १,२८७ किलोमीटर लांब आणि ४८ इंच व्यासाची आहे. आर्क्टिक समुद्राच्या काठावरून ती निघते, ब्रूक्स पर्वतरांगेतली सुमारे १,४४० मीटर उंचीची ॲटिगन खिंड ओलांडते आणि दक्षिणेला कधीही न गोठणाऱ्या व्हाल्डीझ बंदरावर संपते. तेल तिच्यात २० जून १९७७ रोजी सोडले गेले. निम्म्याहून थोडी जास्त लाइन जमिनीच्या वर खांबांवर आहे. कारण कायम गोठलेल्या मातीत गरम नळी पुरली तर खालची माती वितळते आणि नळी खचते. जिथे जमीन पक्की आहे तिथे ती पुरलेली आहे. अलियेस्का ही कंपनी मालक तेल कंपन्यांच्या वतीने ती चालवते. तेल व्हाल्डीझहून टँकरने मुख्यत्वे अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांकडे जाते. म्हणजे ही बव्हंशी देशांतर्गत वाहतूक आहे.

१९८८ मध्ये दिवसाची सरासरी २० लाख ३० हजार बॅरलच्या आसपास होती. त्या वर्षी १४ जानेवारीला २१ लाख ४५ हजार बॅरलचा दिवस नोंदला गेला, आणि तो विक्रम अजून टिकून आहे. पुढे प्रूडो बेचे मुख्य क्षेत्र उतरणीला लागले. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत सरासरी १० लाखांच्या आसपास होती, २०१० मध्ये सुमारे ६ लाख २० हजार, २०१५ मध्ये ५ लाख ८ हजार, २०२० मध्ये ४ लाख ८० हजार आणि २०२४ मध्ये सुमारे ४ लाख ६५ हजार. मध्ये २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे आकडा किंचित वर गेला. २००२ नंतर पहिल्यांदाच असे झाले होते, पण तो चढ टिकला नाही.

हे बॅरलचे आकडे वेगात बदलून पाहिले की चित्र लख्ख होते. बॅरल म्हणजे १५९ लिटर, आणि नळीचा आतला छेद सुमारे १.१२ चौरस मीटर. २० लाख ३० हजार बॅरलला वेग येतो सेकंदाला ३.३ मीटर, म्हणजे माणूस धावतो तितका. ४ लाख ६५ हजारांना येतो ०.७६ मीटर, रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. सेकंदाला बरोबर १ मीटर वेग हवा असेल तर दिवसाला ६ लाख १० हजारांच्या आसपास बॅरल लागतात. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा.

उष्णतेचा हिशेब

तेल जमिनीतून गरम येते आणि स्टेशन १ वर ते सुमारे ४० अंश सेल्सियसचे असते. भरभरून वाहत होते त्या काळात वाटेत त्याला उष्णता मिळतही असे, कारण पंपांनी दिलेला दाब घर्षणात खर्च होतो आणि त्याची उष्णता तेलातच राहते. कच्च्या तेलासाठी ढोबळ हिशेब असा: १०० बार दाब (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) घर्षणात गेला की तेल साधारण ६ अंशांनी तापते. १० स्टेशनांवरून पंपिंग चालू असताना ही कमाई मोठी होती. घर्षणात जाणारा दाब मात्र जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग चौथाईच्याही खाली गेला तेव्हा ही कमाई पंधराव्या हिश्श्याच्या आसपास येऊन ठेपली. आज पंपिंग चालते ते १, ३, ४ आणि ९ या चारच स्टेशनांवरून.

दुसऱ्या बाजूने, तेल थंडीत चौपट वेळ राहते. याचा परिणाम किती होतो ते एका समजुतीच्या उदाहरणाने सांगतो. हे मोजमाप नाही. बाहेर उणे २० अंश आहे, तेल ४० अंशांवर निघाले, म्हणजे फरक ६० अंशांचा. भर प्रवाहात वाटेत फरकाचा एक-तृतीयांश हिस्सा गेला असे धरू. शेवटी फरक ४० उरतो आणि तेल २० अंशांवर पोचते. प्रवाह चौथाई झाला की हाच दोन-तृतीयांशाचा गुणाकार चार वेळा करावा लागतो. ६० चे आधी ४० होतात, मग २७, १८ आणि शेवटी १२. तेल उणे ८ अंशांवर येते. वाहतूक ७५ टक्के घटली म्हणून तापमानही त्याच प्रमाणात घटेल असे मानणारा इथे साफ फसतो.

पाणी: सर्वात घातक घटक

स्टेशन १ वर येणाऱ्या तेलात पाणी आणि गाळ मिळून जास्तीत जास्त ०.३५ टक्के चालतो. आकडा नगण्य वाटतो. पण ४ लाख ६५ हजार बॅरलचा ०.३५ टक्के म्हणजे दिवसाला १,६०० हून अधिक बॅरल, सुमारे अडीच लाख लिटर. ही वरची मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात पाणी त्याहून कमी असते. तरी अडीच लाखांची निम्मीअर्धी धरली तरी ती थोडी नव्हे.

वेग चांगला असेल तर हे पाणी बारीक थेंबांच्या रूपात तेलातच घुसळले जाऊन पुढे जाते. वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली गेला की थेंब तळाशी बसू लागतात. म्हणजे ६ लाख १० हजार बॅरलची जी रेघ वर काढली, ती २०१० आणि २०११ च्या दरम्यान ओलांडली गेली. बसलेले पाणी सपाट जागी थांबत नाही. चढावाच्या पायथ्याशी, नळी जिथे खोलगट होते तिथे ते साचते. तेल त्याच्यावरून सरकत जाते आणि पाणी तिथेच राहते. हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो. हा बर्फ व्हॉल्व्हच्या पोकळ्यांत, दाब मोजणाऱ्या बारीक नळ्यांत आणि पंपाआधीच्या जाळ्यांत बसतो. दाब दाखवणारा काटा जागच्या जागी गोठला तर चालवणाऱ्याला दाब स्थिर आहे असेच वाटेल, आणि धोका नेमका तोच.

उन्हाळ्यातही ते पाणी स्वस्थ बसत नाही, लोखंड खाते. याचा धडा मुख्य लाइनवर नव्हे तर प्रूडो बेमधल्याच एका जोडलाइनवर मिळाला. मार्च २००६ मध्ये तेल गोळा करून स्टेशन १ कडे नेणाऱ्या ३४ इंची लाइनला पाव इंचाच्या आसपास भोक पडले आणि सुमारे ५ हजार बॅरल तेल बर्फावर सांडले. कॅरिबू हरणांच्या कळपांना ओलांडता यावे म्हणून नळी जिथे भरावाखालून नेली होती, तिथे ते भोक होते. नळीचा तो भाग साहजिकच खोलगट होता. क्षेत्राचे उत्पादन घटल्यामुळे त्या लाइनमधला वेग मंदावला होता, तळाला गाळ आणि पाणी साचले होते, आणि त्या थराखाली गंज चढत गेला होता. नळीची जाडी आतून मोजणारा पिग, म्हणजे नळीतून तेलाच्या दाबाने सरकत जाणारे उपकरण, तिथे १९९८ नंतर फिरलाच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्षेत्राच्या पूर्वेकडच्या लाइनमध्येही गंज आढळला आणि उत्पादनाचा मोठा हिस्सा थांबवावा लागला. मोठ्या प्रवाहासाठी बांधलेली नळी लहान प्रवाहाला लावली आणि सफाईचे वेळापत्रक जुनेच ठेवले की काय होते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या माहितीत नाही.

मेण आणि पिग

तेल साधारण २४ अंशांच्या खाली आले की त्यातले मेण सुटे होऊ लागते आणि थंड भिंतीला चिकटते. ते खरवडायला पिग सोडतात. पिग म्हणजे नळीच्या मापाचा, कडेला चकत्या असलेला, तेलाच्याच दाबाने ढकलला जाणारा सफाईचा ठोकळा. प्रवाह मंद झाल्यावर पिग जास्त वेळा सोडावे लागतात. दर आठवड्याला एक सोडला आणि प्रवासाला एकोणीस दिवस लागत असतील, तर लाइनमध्ये एका वेळी दोन-तीन पिग असणारच. प्रत्येकापुढे मेणाचा लगदा गोळा होतो. त्या लगद्यातून तेल आरपार जात राहिले तर तो मऊ राहतो, म्हणून पिगच्या अंगाला मुद्दाम भोके ठेवतात. वेग कमी असेल तर भोकांतून जाणारी धारही बारीक होते आणि लगदा घट्ट बसतो. पिग दोन खेपांमध्ये फार दिवस टाळला की पुढच्या खेपेला लगदा इतका साठतो की पिगच अडकण्याची भीती असते. त्यामुळे मेण कमी निघाले म्हणून खेप टाळणे हा चुकीचा निष्कर्ष ठरतो.

जानेवारी २०११

या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या त्या २०११ च्या जानेवारीत. ८ तारखेला स्टेशन १ वर, पंपांच्या इमारतीच्या तळघरात तेल दिसले. काँक्रीटमध्ये गाडलेली एक नळी गळत होती. सांडलेले तेल थोडेच होते, पण लाइन बंद करावी लागली. ऐन हिवाळ्यात ती सुमारे साडेतीन दिवस बंद राहिली.

लाइन बंद होताच दोन घड्याळे सुरू होतात. एक दुरुस्तीचे आणि दुसरे गारठ्याचे. उभे तेल तासागणिक थंड होते, पाणी खाली बसते, मेण दाटते. शिवाय त्या वेळी सफाईचे पिग लाइनमध्येच होते. पुन्हा सुरू केल्यावर ते आपल्यापुढे मेण आणि बर्फ ढकलत स्टेशनांच्या जाळ्यांपर्यंत नेतील, ही काळजी होती. अखेर दुरुस्ती पुरी होण्याआधीच, गळती आवरून धरत, लाइन तात्पुरती सुरू केली गेली. हेतू एवढाच की गरम तेल आत जावे आणि नळी उबदार व्हावी. मग पुन्हा बंद करून गळक्या भागाला वळसा घालणारी नळी जोडली.

त्या वेळी प्रवाह ६ लाखांच्या आसपास होता. २० लाखांच्या काळात साडेतीन दिवस बंद राहिलेल्या लाइनला हाती भरपूर उष्णता शिल्लक असे. आता ती उरली नव्हती. कमी प्रवाहाचा पहिला बळी हा असा थांबण्याचा अवधीच असतो, आणि रोजच्या वाहतुकीच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

उपाय, आणि त्यांची किंमत

जून २०११ मध्ये अलियेस्काने कमी प्रवाहाच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास पुढे आणला. काही केले नाही तर साडेपाच लाख बॅरलच्या खाली नेहमीच्या चालण्यातही बर्फाचा धोका आहे, आणि उपाय केले तर ३ ते साडेतीन लाखांपर्यंत जाता येईल, असा त्याचा रोख होता. त्याही खाली पुरलेल्या भागाभोवतीची माती गोठून बर्फाच्या चकत्या धरते आणि नळीला वर उचलते.

प्रत्यक्षात सर्वात कामाला आलेला उपाय साधा आहे: तेल पंपातून काढून त्याचा काही भाग व्हॉल्व्हमधून दाब उतरवत पुन्हा पंपाच्या तोंडाशी आणायचा. ५० बारची एक फेरी म्हणजे सुमारे ३ अंश. पूर्वी ज्या घर्षणाशी झगडायचे, तेच आता मुद्दाम घडवून आणायचे. १९७९ मध्ये याच लाइनमध्ये घर्षण कमी करणारे रसायन मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात झाली होती, हे लक्षात घेतले की बदल किती उलटा आहे ते कळते. ही ऊब फुकट मात्र नाही. आजच्या प्रवाहाला १ अंश तापवायला सुमारे दीड मेगावॅट लागतो. १० अंशांना १५ मेगावॅट. याखेरीज उघड्या व्हॉल्व्हना आणि जोडनळ्यांना जादा आच्छादन, साचलेल्या कोपऱ्यांना विजेची ऊब, पिगच्या वाढीव खेपा आणि येणाऱ्या तेलातल्या पाण्यावर कडक नजर, असे बाकीचे उपाय आहेत.

एक झटका बाहेरून बसला. फेअरबँक्सजवळच्या नॉर्थ पोल नावाच्या गावातली मोठी रिफायनरी लाइनमधून तेल घेई आणि हवे ते काढून उरलेले गरम तेल परत लाइनमध्ये सोडी. ती २०१४ मध्ये बंद झाली. व्हाल्डीझला पोचणारे बॅरल त्यामुळे उलट वाढले, पण वाटेतली ऊब गेली. फक्त पोचवणुकीचा आकडा पाहणाऱ्याला ही चांगली बातमी वाटली असती.

उतारावर वेगळीच गोष्ट घडते. व्हाल्डीझच्या आधी थॉम्पसन खिंडीनंतर लाइन वेगाने खाली येते. प्रवाह कमी असेल तर तेल नळी न भरता धबधब्यासारखे कोसळते आणि खालच्या भरलेल्या स्तंभावर आदळते. त्याचे धक्के नळीला थरथरवतात. शिवाय मधली पोकळी लहान-मोठी होत राहिल्याने आत गेले किती आणि बाहेर आले किती यावरून गळती पकडण्याचा हिशेब गडबडतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हाल्डीझला उलटा दाब धरून ठेवणारी व्यवस्था बसवली आणि तो तुकडा पुन्हा भरलेला ठेवता आला.

‘किमान प्रवाह’ कोण ठरवतो?

इथे हे प्रकरण कोर्टात गेले. लाइनवर मालमत्ता कर आकारायचा तर ती अजून किती वर्षे चालेल हे ठरवावे लागते, आणि ते कोणत्या प्रवाहापर्यंत ती चालू शकते यावर अवलंबून असते. मालक कंपन्यांचा अंदाज वरचा होता; किमान आकडा जितका मोठा तितके आयुष्य कमी आणि करही कमी. २०११ च्या अखेरीस अलास्कातल्या न्यायालयाने दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ ऐकून, पुरेसा खर्च केला तर लाइन दिवसाला सुमारे १ लाख बॅरलवरही चालू शकते असे मानले.

साडेतीन लाख आणि १ लाख या दोन आकड्यांत इंजिनिअरिंगचे भांडण जितके वाटते तितके नाही. नळीला स्वतःचा किमान प्रवाह नसतो. किती उष्णता घालायची, किती पिग सोडायचे, तेल किती कोरडे मागायचे यावर तो सरकतो, म्हणजे अखेर बॅरलमागे किती खर्च सोसायचा यावर. खर्चाचा मोठा भाग माणसे, देखभाल, गस्त, सुरक्षा यांचा आहे आणि तो बॅरलबरोबर घटत नाही. १०० रुपयांचा ठरलेला खर्च २० बॅरलवर वाटला तर बॅरलला ५ रुपये. ५ बॅरलवर वाटला तर २० रुपये, शिवाय ऊब देण्याचा नवा खर्च वेगळा. वाहतुकीचा दर वाढला की विहिरीच्या तोंडाशी तेलाची किंमत घटते, राज्याची रॉयल्टी घटते आणि काठावरची लहान क्षेत्रे परवडेनाशी होतात. त्यांचे तेल आले नाही की प्रवाह आणखी घटतो. हे चक्र आम्हाला बर्फापेक्षा गंभीर वाटते.

आकडे वाचताना

या लाइनचे महिन्याचे आकडे उन्हाळ्यात उतरतात आणि हिवाळ्यात चढतात. प्रूडो बेला तेलाबरोबर अफाट वायू येतो आणि तो पुन्हा जमिनीत दाबावा लागतो. थंड, दाट हवेत वायू दाबणारी यंत्रे चालवणारे वायुटर्बाइन जास्त ताकद देतात, म्हणून हिवाळ्यात वायू जास्त हाताळता येतो आणि तेलही जास्त निघते. देखभालीची कामे उन्हाळ्यातच होतात. म्हणून जुलैची तुलना जानेवारीशी केली तर घसरण खोटी मोठी दिसते. जुलैची तुलना आधीच्या जुलैशीच करावी. सर्वात जास्त प्रवाह सर्वात कडक थंडीत असतो, हे लाइनचे नशीबच म्हणायचे.

आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, पण बाकीचा हिशेब तोच आहे. मुंबई हायचे उत्पादन १९८० च्या दशकात दिवसाला ४ लाख बॅरलच्या पुढे होते, आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. तिथले तेल मेणाचे असून ३० अंशांच्या सुमारास दाटू लागते, म्हणून समुद्रतळावरून उरणकडे येणाऱ्या लाइनचा विचार करताना प्रवाहाबरोबर तापमानही पाहावे लागते. राजस्थानातल्या मंगला क्षेत्राचे तेल तर याहूनही चिकट. ते गुजरातच्या किनाऱ्याकडे नेणारी लाइन मुळातच विजेने गरम ठेवण्यासाठी बांधली आहे. क्षेत्र उतरणीला लागले की बॅरलमागे विजेचा खर्च चढतो, हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत धरता आले. अलास्कात ते नंतर शिकावे लागले.

पुढचे तेल

नवे तेल येण्याच्या वाटेवर आहे. पिक्का प्रकल्पाचा पहिला टप्पा दिवसाला ८० हजार बॅरलसाठी आखला आहे, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेला विलो प्रकल्प भरात असताना १ लाख ८० हजारांसाठी. आजच्या प्रवाहात नुसते पिक्का मिळवले तर वेग ०.७६ वरून ०.९ मीटरवर जातो आणि प्रवास साडेसोळा दिवसांवर येतो. दोन्ही मिळवले तर ७ लाख २५ हजार बॅरल, १.१९ मीटर, साडेबारा दिवस. पण जुनी क्षेत्रे तोवर थांबून राहणार नाहीत. ती वर्षाला ४ टक्क्यांनी घटत गेली असे धरले तर पाच वर्षांत ४ लाख ६५ हजारांचे ३ लाख ८० हजार होतात. त्यात नवे २ लाख ६० हजार मिळवले की बेरीज येते सुमारे ६ लाख ४० हजार आणि वेग १.०५ मीटर. पाण्याचे थेंब तळाशी बसू लागतात त्या रेघेच्या जेमतेम वर, २०१० साली लाइन होती जवळपास तिथेच.